हिरवं झालेलं खत

आमच्या आईचं बुरशीशी हाडवैर होतं.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहितोय.

लोणच्याची बरणी, पापड, कुरड्या, ज्वारी. घरात जे असेल ते ती उन्हात टाकायची. उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची.

शेलूबाजारजवळ आमचं शेत आहे. नाल्याकडच्या पट्टीत दरवर्षी तुरीला मर लागायची. शेंगा धरलेली झाडं उभ्या उभ्या वाळायची. फवारणीचा काही उपयोग होत नसे.

मी म्हटलं, त्या पट्टीत आता तूर नको, नुसतं सोयाबीन घेऊ.

आई म्हणाली, "अन् वरण कायचं करतं? सोयाबीनचं? इकतच्या दाळीचं मले नाई जात."

त्याच वर्षी माझी बायको वर्षा एका ट्रेनिंगहून ट्रायकोडर्माचं पॅकेट घेऊन आली. ही कामाची बुरशी. मर आणणाऱ्या बुरशीला जमिनीतच दाबते. वर्षाने कडुनिंबाखाली कुजलेल्या शेणखतात ती पावडर कालवली, गुळाचं पाणी शिंपडलं, वर ओलं पोतं टाकलं.

काही दिवसांनी आम्ही दोघं मंगरूळपीरहून परत आलो, तर कडुनिंबाखाली स्वच्छ झाडलेलं.

"आई, इथलं खत?" वर्षाने विचारलं.

"सडलं होतं बाई. हिरवी बुरशी आलती त्याले. देल्लं फेकून उकिरड्यावर. असं कसं ठेवता व तुमी?"

वर्षा ओट्यावर बसली. मला वाटलं, आता रडते.

ती हसायला लागली. "आई, तेच त पायजे होतं."

"बुरशी पायजे होती?" आईने माझ्याकडे पाहिलं. "हिले काय झालं रे?"

पेरणीआधी तोच उकिरडा आम्ही त्या पट्टीत टाकला.

त्या वर्षी तूर बरीच उभी राहिली. बुरशीमुळे की हवामानामुळे, मी ठामपणे सांगू शकत नाही.

आईला मात्र शंका नव्हती. घरी येईल त्याला सांगायची, "माह्या उकिरड्यानं तूर राखली."

वर्षाने तिचं म्हणणं कधीच खोडून काढलं नाही.

पुढच्या वर्षापासून खताचा ढीग आईच्या ताब्यात गेला. पेरणीआधी बियाण्यालाही तीच पावडर चोळून झाली, की सगळं काही उन्हात टाकणारी हीच बाई ओरडायची, "सावलीत सुकव रे. ऊन लागलं त मरन ते."

मागच्या वर्षी ती खाटेवर होती. ढीग लावलेला होता. रोज सकाळी विचारायची, "झालं काय हिरवं?"

मी पोतं उचलून पाहून यायचो.

"अजून नाई, आई."

"पाणी मार थोडं."

गेली त्या सकाळीही तिने विचारलं होतं. माझं उत्तर तेच होतं.

नंतर ढिगाकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. तो वाळून गेला.

यंदा वर्षाने पुन्हा लावला. आज सकाळी फोटोला हार घालायच्या आधी मी मागे गेलो आणि पोतं उचललं.

आई, झालं हिरवं.

सावलीतच ठेवलं आहे.

तू निवांत राहा.