माझा डावा पाय आणि तंबाखूची पुरचुंडी

१४ जून, रविवार. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना तिची रेस आपोआप वरखाली का होते, ते शोधायचं होतं. घरातल्या दोन्ही पुरुषांना कारण आधीच सापडलं होतं: माझा डावा पाय.

"तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस," नवरा सोफ्यावरून म्हणाला. होटगीच्या पुढे माझी शाळा आहे आणि मी रोज याच गाडीने जाते. हे गृहस्थ सणासुदीला गाडी काढतात आणि सिग्नलवर बंद पाडतात.

केम गावाहून मोटरसायकलवर आलेले धाकटे दीर त्यांच्यापेक्षा पुढचे. "वैनी, बायकांचा पाय क्लचवरनं उठतच न्हाय की. इकून टाका. गिऱ्हाईक हाय माज्याकडं, उद्या सकाळी येतंय."

उद्या शाळा उघडणार होती. गाडी गेली की मी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये, कुणाच्या तरी कोंबड्यांशेजारी. याचा विचार दोघांनीही केला नव्हता, कारण जीपमध्ये त्यांना बसायचं नव्हतं.

मी बॉनेट उघडलं आणि नवऱ्याला उठवून स्टिअरिंगमागे बसवलं, गाडी सुरू करायला लावली.

"क्लच दाबा. आता सोडा."

इंजिन तसंच धापा टाकत राहिलं. एसी बंद करायला लावला, तरी तेच.

"म्हणजे क्लच नाही," मी म्हणाले.

"असं लगेच कसं म्हणता येईल?" आतून आवाज आला. आदल्या क्षणापर्यंत ह्यांना सगळं लगेच म्हणता येत होतं.

"पेट्रोलात पानी असंल," दीर म्हणाले.

"पाणी असतं तर रस्त्यावरही आचके दिले असते, भावजी. पळताना गाडी छान पळते. नुसती उभी असली की बिघडते."

उभ्या इंजिनला हवा मोजकीच लागते. कुठून तरी जास्तीची हवा आत शिरत असली, तर त्याचा तोल जाणारच. मी कान लावला. एका कोपऱ्यातून बारीक सूं सूं येत होतं. तिथे फडक्याची एक पुरचुंडी लोंबत होती, सुतळीने एका बारीक रबरी पाइपला बांधलेली. तिच्या ओझ्याने पाइप तोटीवरून अर्धा निसटला होता आणि टोकाशी चिरला होता. त्या फटीवर मी अंगठा दाबला. इंजिन शांत. अंगठा काढला, पुन्हा धापा.

पुरचुंडी हुंगली. बिडीची तंबाखू. बिड्या वळणाऱ्या सोलापुरात ही घरोघरी मिळते आणि गाडीतल्या उंदरांवर हाच उपाय जो तो सांगतो.

"ती मी बांदली," दीर म्हणाले. "मागल्या खेपंला. उंदीर आला का सांगा?"

"उंदराने एखादी वायर खाल्ली असती, भावजी. तुम्ही अख्खी गाडी विकायला काढलीत."

गाडी बंद करून पाइपचं चिरलेलं टोक कापलं, उरलेला पाइप तोटीवर घट्ट बसवला, क्लिप आवळली. पुन्हा सुरू केली तर रेसचा काटा एका जागी. माझा डावा पाय विसरून नवरा म्हणाला, "बरं झालं. आता भाव चांगला येईल."

सोमवारी सकाळी गिऱ्हाईक वेळेवर आलं. गाडी विकायची नाही, पण दिरांची मोटरसायकल बघून घ्या, असं मी त्याला सांगितलं, गाडीच्या दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकल्या आणि होटगीच्या रस्त्याला लागले.