मेलेल्या डीलियाच्या कानात

मी सांगते तसं लिही गं ओर्ला, आणि माझं बोलणं सुधारत बसू नकोस. डीलिया माझी शेजारीण. लग्न केलं नाही, पोस्टात टपाल लावण्यात जन्म गेला. गोड बाई, पण एका गोष्टीवर अडलेली.

अकरा वर्षांची होती तेव्हा तिचा बाप खाडीत बुडाला. बोटीत बापासोबत तिचा मोठा भाऊ, मॅलाकी. ही किनाऱ्यावर उभी, सगळीकडे दाट धुकं. हिनं बापाची हाक ऐकली. मॅलाकी एकटाच परत आला नि म्हणाला, "हाक कसली? सील ओरडला असेल." सील म्हणजे खाडीतलं जनावर, ते ओरडतंही माणसासारखंच, म्हणून गावानं ते खरं धरलं. पुढं आईला पुरलं त्या दिवशी हिनं त्याला परत विचारलं, "सीलच होता ना रे?" तेव्हापासून बोलणं बंद. तो खाडीपलीकडे राहायला गेला, त्याला बावीस वर्षं झाली.

आता आपली फिनोला मास्तरीण. तिला भुताचा सिनेमा काढायचा होता, एका सिनेमात पाच गोष्टी. पैसा नाही, म्हणून गावच नट. डीलिया म्हणाली, "मला मेलं बोलता नाही यायचं."

"मग मेलेलीच हो की!" फिनोला म्हणाली.

झालं. डीलिया स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर मेली. पडदे ओढले, आत्मा जायला खिडकी उघडली, आरशावर चादर टाकली. आम्ही बाया जपमाळा घेऊन भोवती. कॅमेरा कोपऱ्यात कोटांच्या ढिगात लपवलेला, आम्ही सारखं तिकडं बघायचो म्हणून. माईक एकच, तो डीलियाच्या गळ्याशी लेसखाली टाचला.

पण सकाळपासून पडदे ओढलेलं घर बघून आपल्याकडे लोक दुसरं काय समजणार? दुपारपर्यंत तीन घरांतून दुखवट्याचे हॅमचे सँडविच आले. एक बाई तर खरीखुरी रडत आली, तिलाही बसवून घेतलं. डीलिया पडल्या पडल्या पुटपुटली, "मी जिवंत असताना हिनं कधी बिस्कीट नाही दिलं." हसू दाबता दाबता आमचे हाल.

आणि दारात मॅलाकी उभा.

बातमी खाडीपार गेली होती. टोपी हातात, डोळ्यांना दिसतं कमी, मेणबत्तीच्या उजेडात त्याला काय कळणार! मी सांगायला उठले, तर फिनोलानं ओठावर बोट ठेवलं. कॅमेरा चालू होता. मी बसले. तशी बसले, याचं अजून मला वाईट वाटतं.

तो गुडघ्यावर बसला, तिच्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलला. तिच्या कपाळाला बोटं लावली. चहासुद्धा न घेता गेला. आपल्या गावात मेलेल्याच्या घरून चहा न घेता कोण जातं?

"डीलिया, गेला तो. ऊठ."

ती उठेना. मिटल्या पापण्यांतून पाणी येत होतं. फिनोलानं माईकचा आवाज ऐकायचं कानावरचं यंत्र काढलं, नाचायचीच बाकी होती. "काय बोलला म्हातारा! त्याला हे बोलायला कुणी सांगितलं होतं गं? अस्सल नट आहे!"

डोळे न उघडता डीलिया म्हणाली, "ते कापू नकोस. मोठ्यानं लाव."

सिनेमा रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये दाखवला. खरं सांगू? पहिल्या चार गोष्टी म्हणजे नुसता गोंधळ. वटवाघळाची दोरी दिसत होती, रक्त बीटाचं, आणि वाऱ्यापुढं एक शब्द ऐकू येईना. पहिल्या गोष्टीत कापलेला कसाई तिसऱ्या गोष्टीत मिशा लावून परत आला, तशी पोरं ओरडली, "अरे, हा मेला होता ना!" मॅलाकी पुढच्या रांगेत बसला होता. एव्हाना त्याला कळलं होतं बहीण जिवंत आहे ते. एकदाही हसला नाही.

पाचवी गोष्ट लागली. आमचीच तोंडं, आमचीच जपमाळ. नटवलेलं काही नाही, कारण नटवायला काही नव्हतंच. मग त्याचा आवाज, गळ्याजवळच्या माईकमधून, अगदी स्वच्छ:

"हाक बापाचीच होती, डीलिया. मी ऐकली. वल्ही आत घेतली नि बसून राहिलो. बरं झालं गेलीस. आता विचारणारं कुणी राहिलं नाही."

मी डीलियाकडे बघितलं. आणि लोकांनी काय करावं? टाळ्या! "मॅलाकी, लेका, इतके दिवस कुठं लपला होतास?" कसायानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

डीलिया उभी राहिली. "मॅलाकी, सगळ्यांसमोर सांग. खरं आहे ना ते?"

लोक आणखी हसले. त्यांना वाटलं, हेही सिनेमातलंच.

मॅलाकी वळला, हळूच तिच्यापाशी आला. "तुला बोलायचं नव्हतं ना त्यात?" म्हणाला. "तू नुसतं पडून राहायचं होतंस."

फिनोला मध्ये घुसली, आनंदानं लाल झालेली. "मॅलाकीकाका, पुढच्या सिनेमात याल ना?"

"येईन की," तो डीलियावरची नजर न हलवता म्हणाला. "पण मेलेली हीच पाहिजे."

पुन्हा टाळ्या. मी डीलियाचा दंड धरला नि तिला सरळ माझ्या घरी आणलं. तिच्या घराला त्याच दिवशी मी कुलूप लावलं; त्या पलंगावर तिला एकटी निजू देणार नव्हते.