कौल न लावता परत आणलेला नारळ

मंगळवारी देवीला कौल लावायला गेले होते... आणि न लावताच परत आले. नारळ पिशवीत तसाच.

आमच्याकडे काही ठरत नसलं की गावदेवीला विचारतात. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावतो. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. जमीन घ्यायची, मुलगी द्यायची, सगळं असंच विचारत आलोय. मोटरसायकलचं विचारायला गेलेली बहुतेक मीच पहिली.

मोटरसायकल माझ्यासाठी नव्हे हो... नातीसाठी. मृणाल, माझ्या मुलीची मुलगी. पुण्याला नोकरी करते, पण लहानाची मोठी माझ्याजवळ झाली. हा फोनसुद्धा तिनेच शिकवला, नाहीतर चौथीत शाळा सुटलेली बाई मी, इथे तुमच्यात कशाला आले असते.

तर तिला एकाच गाडीत दोन गाड्या हव्यात. लांबचा प्रवास झाला पाहिजे आणि ट्रॅकवरही नेता आली पाहिजे. ट्रॅक म्हणजे रेसचा बंद रस्ता, तिकडे मद्रासच्या बाजूला... आपली गाडी न्यायची आणि दिवसभर तिथल्या तिथे फिरायचं. जत्रेतल्या पाळण्यासारखंच म्हणायचं.

पावसाळा संपल्यापासून शोधतेय. रोज मला फोटो. एका गाडीवर भातलावणीला वाकावं तसं वाकून बसायचं. ती ट्रॅकला चांगली, पण पुण्याहून आमच्या हातखंब्याला पोचेपर्यंत कंबर मोडेल म्हणे. दुसरीवर झोपाळ्यावर बसल्यासारखं ऐसपैस, पण ती वळणावर झोपवली की पाय ठेवायचं लोखंड रस्त्याला घासतं. गाडी झोपवतात हे मला नवीनच. मी म्हटलं, बाय, उभी चालवलेली काय वाईट आहे.

शेजारची सुमती मला डिवचते. एवढ्या वेळात दोन नवरे शोधून झाले असते, म्हणते.

मी आपली एकच घोकत होते. ते रेसचं सोड, साधी प्रवासाची गाडी घे आणि माझ्याकडे येत जा.

मग रविवारी तिने मला ट्रॅकचा व्हिडिओ पाठवला, मला धीर यावा म्हणून. सगळे एकाच दिशेने चाललेले. समोरून कुणी येत नाही, गुरं नाहीत, खड्डे नाहीत. अंगात जाड चामड्याचे कपडे. एक जण पडला, घसरत मातीत गेला आणि उठून कपडे झटकले... अँब्युलन्स तर आधीपासूनच उभी.

बरं वाटलं मला. पण चहा घेताना कप तसाच खाली ठेवला. माझ्याकडे यायचा रस्ता आठवला ना. आंबा घाटातलं धुकं, रस्त्यात बसलेली गुरं, हातखंब्याचा तो उतार... तिथे उलटलेला टँकर मी स्वतः एसटीच्या खिडकीतून बघितलाय.

म्हणजे जिथे जाऊ नको म्हणत होते तिथे पोरीची एवढी काळजी घेतात. आणि जिथे ये, ये म्हणून मी मागे लागलेय तिथे... पुढचं लिहवत नाही. त्या दिवशी जेवलेच नाही. सुमतीने बांगड्याचं तिखलं आणून दिलं, तेही तसंच झाकून ठेवलं.

म्हणून तो कौल. गुरवाने फुलं हातात घेतली आणि विचारलं, "आजी, उजवं कुठलं धरू? रेसची की प्रवासाची?"

मी पिशवीतला नारळच चाचपत बसले. रेसची म्हटलं तर ती इकडे यायची नाही. प्रवासाची म्हटलं तर त्याच रस्त्याने यायची. कुठलंही फूल पडलं तरी माझा जीव जाणार, देवीने तरी काय सांगावं. गुरव बिचारा म्हणाला, आधी घरी ठरवून या... आणि फुलं परत तबकात ठेवली.

घरी येऊन तिला फोन लावला. "बाय, रेसचीच घे. माझ्याकडे गाडीने येऊ नको. एसटीने ये... नाही आलीस तरी मी काही म्हणणार नाही."

बोलता बोलता मी अंगणात उतरले. म्हटलं, रेंज जायला नको. आमच्याकडे जातेच, माडाखाली जाऊन उभं राहावं लागतं.

मग ती म्हणाली, "आजी, ट्रॅकवर मी वर्षातून एखाद वेळेस जाणार. समोर काही आलं तर ब्रेक कसा मारायचा, वळण कसं घ्यायचं, ते तिथे शिकवतात म्हणून. तुझ्या रस्त्यासाठीच शिकायचंय मला ते. आणि शोरूममध्ये मी काय विचारते माहितीये... मागे आंब्याची पेटी बसेल का?"

फोन ठेवला आणि रडले. एवढे महिने मला वाटत होतं, पोरगी रेसच्या नादाला लागली...

गाडी ठरली शेवटी. दोन्हीकडे अर्धी अर्धी चालेल अशी, असं तीच सांगते. हँडल फार खाली नाही, फार वर नाही. मागे पेटीपुरती जागा आहे, स्वतः मापून आलीय.

भीती गेली असं समजू नका. आता तर ती यायचा दिवस ठरलाय, म्हणून जास्तच. पण आमचं घर रस्त्याच्या खाली, पाखाडी उतरून यावं लागतं, सगळ्या चिऱ्याच्या पायऱ्या. काल गवंड्याला बोलावून पायऱ्यांच्या कडेने उतार करून घेतला, गाडी अंगणात यावी म्हणून. गाडीने येऊ नको म्हणणारी मीच, आणि त्याच्या डोक्यावर उभी राहून अजून रुंद कर म्हणणारीही मीच.

नारळ देव्हाऱ्यात ठेवलाय. गाडी आली की चाकापुढे फोडायचा. तोवर रोज कानाशी धरून हलवते... पाणी आहे ना, बघते.

हे वाचणाऱ्यांत कुणी साखरपा-हातखंबा रस्त्याला गाडी चालवत असेल तर एवढं करा. मागे पेटी बांधलेली निळी मोटरसायकल दिसली तर घाई करू नका, तिला पुढे जाऊ द्या. तुमचे फार उपकार होतील.

माझी आहे ती.