पोट एक, जागा दोन

आत्ताच झरीच्या बसमधून उतरलोय आणि हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

समोरच्या बाकावर एक सासूबाई, त्यांची गरोदर सून आणि नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली लेक बसल्या होत्या. सुनेनं केळं सोललं, तर सासूबाईंनी अर्धं मोडून घेतलं.

"बास तेवढं. पोटात लेकराला जागा नको का?"

लेक म्हणाली, "आई, खाल्लेलं जठरात जातंय, लेकरू गर्भपिशवीत वाढतंय. दोन्ही जागा येगळ्या हायत. वैनी उपाशी राहिली तर लेकरू कशावर वाढंल?"

"मग पोटुशी कशाला म्हणत्यात?"

लेक म्हणाली, "ते नाव ठेवणारानं आमचा पेपर दिला नव्हता!"

आजूबाजूचे सगळे हसले. सासूबाई मात्र हळूच म्हणाल्या, "तुझ्या टायमाला मीबी अर्ध्या भाकरीवरच राह्यले की गं. लय भूक लागायची."

लेकीनं आईचा हात धरला. सासूबाईंनी अर्धं केळं सुनेला परत दिलं आणि थैलीतून आणखी एक काढलं.

"खा बाई. जागा हाय म्हणं."

एका शब्दाच्या गोंधळापायी किती जणी अर्धपोटी राहिल्या असतील! तुमच्या घरात कुणी गरोदर असेल, तर आज तिला 'अजून थोडं घे' कोण म्हणालं?