केळेवाली बाई आणि रंगाऱ्याचं नाक

रॉकेट बांधायच्या आवारात तिला सगळे केळेवाली म्हणत. अर्थात पाठीमागं. समोर आली की ‘मॅडम’.

आवारातल्या माणसांना त्यांचं काम कुठून आणि कसं चावतं हे शोधायचं, ही तिची नोकरी. इंजिनाच्या चाचणीला उभ्या राहणाऱ्यांनी कानांत बोळे घातलेत का, टाकीत उतरणाऱ्याला आत श्वासापुरती हवा आहे का, ना रंग ना वास असा एखादा वायू कोपऱ्यात दबा धरून बसलेला नाही ना, हे बघत ती दिवसभर फिरायची. गळ्यात मोजायचं यंत्र, पायात लोखंडी टोकाचे बूट, आणि सदा कपाळाला आठी. काही घडलं नाही की लोक म्हणत, हिचा उपयोग काय? आणि काही घडलं की म्हणत, तेव्हा ही कुठं होती? तिला दोन्हीचं काही वाटेनासं झालं होतं.

केळेवाली हे नाव पडलं मास्कच्या परीक्षेमुळं. मास्क चेहऱ्याला नीट चिकटतो का, हे वर्षातून एकदा बघावं लागे. माणसाला मास्क चढवून एका प्लॅस्टिकच्या छोट्या तंबूत उभं करायचं आणि आत पिकल्या केळ्यासारखा वास येणाऱ्या औषधात भिजवलेला कागद टांगायचा. मग मान हलवायला लावायची, वाकायला लावायचं, मोठ्यानं बोलायला लावायचं. आतल्याला केळ्याचा वास आला की समजायचं, मास्क गळतोय. पण त्याच्याही आधी परीक्षा नाकाची. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या पुढं ठेवायच्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत पाण्याला केळ्याचा जेमतेम वास. केळं कुठल्या बाटलीत ते ज्याला सांगता येत नाही, त्याच्या तंबूतल्या शब्दाला काय किंमत?

रंगारी या परीक्षेला फार नाकं मुरडत.

“मॅडम, वर्षातून एकदा वास दाखवता. एखादं खायलाही द्या की.”

“पास झालात तर देईन.”

“मग मागच्या वेळचं धरून दोन झाली.”

रॉकेटलाही रंगारी लागतात, हे बाहेरच्या लोकांना खरं वाटत नाही. आधी उघड्या धातूवर पिवळा प्रायमर चढवायचा, तो सुकला की वरचा पांढरा हात. हा पिवळा प्रायमर धातूला जपतो आणि माणसाला खातो. त्याचा फवारा नाकात जात राहिला की आधी दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर फोड येतो, मग तिथंच भोक पडतं, आणि छातीत उतरला तर त्याच्याही पुढची गोष्ट. म्हणून रंगाचं बूथ बंद, हवा ओढणारे पंखे चालू आणि प्रत्येकाच्या तोंडावर मास्क.

पण रंगाऱ्यांची एक जुनी खोड होती. प्रायमर सुकला की नाही हे ते वासावरून ओळखत. भिंतीवर घड्याळ होतं, सुकणं मोजायचं यंत्र होतं, पण त्यांच्याकडं बघतो कोण? जुना रंगारी पत्र्याजवळ जायचा, अंगठ्यानं मास्कची कड उचलायचा, एकदाच हुंगायचा आणि निकाल द्यायचा. “कच्चा आहे,” नाहीतर, “चढवा दुसरा हात.” ती बूथच्या दारात दिसली की सगळ्यांचे अंगठे खाली. ती वळली की पुन्हा वर.

आणि त्या सगळ्यांत तरबेज नाक होतं तिच्या सख्ख्या धाकट्या दिराचं. तो हुंगून ‘चढवा’ म्हणाला की यंत्र लावायचं धाडस कुणी करत नसे. बूथचा मुकादम निवृत्तीला आला होता आणि त्याच्या जागी दीरच बसणार, हे जवळजवळ ठरलेलं. त्याच्या बायकोनं म्हणजे तिच्या जावेनं तर माहेरी कळवूनही टाकलं होतं.

घर एकच. वर दीर-जाऊ, खाली ती, तिचा नवरा आणि सासूबाई. स्वयंपाकघर खाली, दोघींचं मिळून.

एका सुट्टीच्या सकाळी दूध करपलं. नुसतं उतू गेलं नाही, आटून बुडाला लागलं, भांडं काळं झालं आणि वरच्या मजल्यापर्यंत वास गेला. ती परसातून येईतो जाऊ धावत खाली आली. बघते तर नवरा शेगडीपासून दोन हातांवर पाटावर बसून बुटाला पॉलिश करतोय.

“अहो! नाक आहे की खुंटी चष्मा अडकवायची?”

“लक्ष नव्हतं गं.”

“रॉकेटचा वास येतो, दुधाचा येत नाही!”

सगळे हसले. तिचा नवराही बाहेर ओसरीवर पेपरातून डोकं काढून हसला आणि पुन्हा पेपरात गेला. ती मात्र भांडं घासत बसली आणि घासता घासता दिराच्या पाठीकडं बघत राहिली. लक्ष नसलं म्हणून करपलेलं दूध नाकाला कळत नाही, असं होतं का? खोलीत धूर दिसेस्तोवर माणूस शांतपणे बूट चमकवत होता.

त्याच आठवड्यात रंगाऱ्यांच्या मास्कची पाळी होती. दीर आला, ऐटीत खुर्चीत बसला.

“काय वहिनी, घरच्या माणसालाही रांग?”

“घरच्याला आधी. बसा भावजी.”

तिनं दोन बाटल्या पुढं सरकवल्या. त्यानं डावी उघडली, हुंगली. उजवी उघडली, हुंगली. पुन्हा डावी. मग डोळे बारीक करून, पत्र्यासमोर उभा राहायचा तसा थोडा मागं झाला आणि म्हणाला, “उजवी. चांगलं पिकलेलं आहे.”

दोन्ही बाटल्यांत नुसतं पाणी होतं.

तिनं उठून खोलीचं दार लोटलं.

“भावजी, केव्हापासून?”

“काय केव्हापासून?”

“दोन्हींत पाणी आहे. मीच भरलंय.”

आधी तो हसला. मग चेहरा लाल झाला. “फसवता होय? आपल्याच माणसाला?”

तिनं बाटल्यांना बुचं लावली. माणूस चिडला की त्याला चिडू द्यायचं, हे तिला नोकरीनं शिकवलं होतं. थोड्या वेळानं तो आपणहून बोलायला लागला. बरेच महिने झाले होते. आधी नाक सारखं चोंदायचं, कधी रक्ताची खपली यायची. मग वास हळूहळू गेला. बूथमध्ये तो अंगठा उचलायचा तो सवयीनं आणि चारचौघांत लाज नको म्हणून. हुंगल्याचं नाटक करून डोळ्याच्या कोपऱ्यातून घड्याळ बघायचा आणि मग निकाल द्यायचा.

“म्हणजे प्रायमर अजून आत जातोच आहे, आणि मिळत काहीच नाही,” ती म्हणाली.

“वहिनी, हे रॉकेट रंगवून होऊ द्या. मुकादमकी हातात पडू द्या. मग तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडं येतो. आईची शप्पथ.”

“तोवर आणखी किती आत जाईल?”

“इतके दिवस गेलाच की.”

“म्हणूनच.”

तिनं त्याचा बूथचा पास मागितला. त्यानं तो काढून टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. जाताना दार मात्र हळू लावलं. बाहेर रांगेत त्याचेच सोबती उभे होते.

दुसऱ्या दिवशी आवाराच्या डॉक्टरनं नाकात दिवा घालून बघितलं. पडद्यावर फोड होता. भोक पडलेलं नव्हतं, अजून. फवाऱ्यापासून लांब राहिला तर फोड भरेल, वासाचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला. दिराला बूथबाहेर, रंगाच्या थराची जाडी मोजायच्या टेबलावर बसवलं. मुकादमकी दुसऱ्याला गेली. रॉकेट ठरल्या वेळी पांढरं झालं, ठरल्या वेळी उडालं. कुठलाही थर सोलला नाही. त्यामुळं दिराच्या नाकावाचून काही अडलं, असंही कुणाला म्हणता येईना.

घरी मात्र फार अडलं. दिरानं घरात एवढंच सांगितलं होतं, की वहिनीनं परीक्षेत नापास केलं. नाकाचं तो बोललाच नाही, आणि तीही बोलली नाही. आवारातल्या माणसाचं दुखणं त्यानं सांगितल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही, हा तिच्या खात्याचा नियम होता. तो तिनं स्वयंपाकघरातही पाळला.

जाऊ तिच्याशी भांड्यांच्या आवाजात बोलायला लागली. “सगळं आवार सोडून यांना घरातलाच सापडला,” हे ती पातेल्याला सांगायची. सासूबाई तसं आडून बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“धाकट्याचं बरं होत होतं, ते तुला बघवलं नाही?”

“आई, कामाचं काम होतं.”

“काम! आम्हीही कामं केली. पण घरच्याच्या ताटात माती नाही कालवली.”

नवऱ्यानं एकदा तोंड उघडलं. “अगं, थोडं सांभाळून घ्यायचं होतंस.” तिनं त्याच्याकडं बघितलं आणि पोळी उलटली. तो पुन्हा पेपरात गेला.

असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना जावेनं पुन्हा पातेल्याला काहीतरी सुनावलं, आणि सासूबाईंनी त्यात भर घातली, की घरात एक वैरी असला की बाहेर दुसरा लागत नाही.

दिरानं घास खाली ठेवला.

“आई, पुरे. मला वास येत नाही.”

“कसला?”

“कसलाच. या आमटीचा नाही, तुझ्या उदबत्तीचा नाही. परवा गॅस चालू राहिला होता ना, हिनं येऊन बंद केला, तो मला कळलाच नव्हता. नाकात फोड झालाय, रंगानं. वहिनींनी दोन बाटल्यांत पाणी ठेवलं आणि मी केळं आहे म्हणून सांगितलं.”

जावेच्या हातातला डाव तसाच राहिला. सासूबाईंनी लेकाच्या तोंडाकडं, मग नाकाकडं बघितलं, जणू बाहेरून काही दिसणार होतं.

“मग खोटं का बोललास रे?”

“मुकादम व्हायचं होतं.”

सासूबाईंनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला, वर आमटी ओतली, आणि म्हणाल्या, “जेव. वास नसला तरी पोट भरतं.” मग भाताचं पातेलं थोरल्या सुनेच्या ताटाकडं नेलं आणि न विचारता तिलाही वाढलं.

जाऊ मात्र पुढं बरेच दिवस तिच्याशी बोलली नाही. पातेल्याशी बोलणं तेवढं बंद झालं.