प्रधानाचं उत्तर

आणीबाणीत मी पेडण्याच्या सरकारी कचेरीत कारकून होतो. जत्रेतल्या नाटकालाही तेव्हा लेखी संहिता दाखवून परवानगी घ्यावी लागे. एके सकाळी एक दशावतारी आला. कानामागे कालचा रंग तसाच होता. कंपनीत तो प्रधानाचं काम करायचा. आमच्या बाकावरही अगदी कडेला बसला, जणू मधली जागा राजासाठी ठेवली होती.

"सायबानू, आमचां नाटक कागदार नसता. बोलणां थंयच मांडवात सुचता," तो म्हणाला.

"कागदाशिवाय परवानगी नाही," मी म्हणालो.

बाहेर सरकारी प्रचाराची जीप कर्ण्यावरून एका सुखी शेतकऱ्याची गोष्ट सांगत होती. दशावताऱ्याने ती मान डोलावत ऐकली. "ह्यां बरां आसा. ह्यांच लिवा."

मी लिहिलं. राजा विचारतो, 'प्रधानजी, प्रजा सुखी आहे ना?' प्रधान म्हणतो, 'होय महाराज.' साहेबांनी खुशीत शिक्का मारला आणि प्रयोगाला कागद ताडून बघायला मलाच पाठवलं.

राजाने विचारलं. प्रधानाने समोरच्या लोकांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग शेल्याने सावकाश घाम पुसला. सगळा मांडव हसत सुटला. हसणं पुरतं ओसरल्यावर तो म्हणाला, "होय महाराज."

'प्रयोग संहितेबरहुकूम झाला,' असा अहवाल मी दिला. तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही. पण अजूनही कुणी साहेबी आवाजात 'सगळं ठीक ना?' असं विचारलं, की मी आधी खिशातला रुमाल काढतो.