डावा खांदा

मास्तरांना टेप लागत नसे. गिऱ्हाईक दाराशी उभं राहिलं, की ते चष्म्यावरून एकदा बघत आणि कापडावर खडू ओढून मोकळे होत. तीस वर्षांत आपला शर्ट परत आला नाही, असं छातीठोकपणे सांगत. एक-दोन आले होते, पण ती गिऱ्हाइकंच नंतर जाडी झाली, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्ध्या बोटानं खाली होता. हे फक्त दोघांना ठाऊक, बापाला आणि लेकीला. आईच्यासुद्धा कधी लक्षात आलं नाही. पहिल्या फ्रॉकपासून मास्तर तिचा डावा खांदा तेवढा उतरता कापत आले. तिचे कपडे असे बसत, की शेजारणी विचारत, "कुठून आणलास गं?"

पोरगी कॉम्प्युटरवर खेळायची. सोळाव्या वर्षी वार्षिक परीक्षेचा पेपर बुडवून ती खेळाच्या स्पर्धेला गेली, आणि मास्तरांचा तोल सुटला. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, "आजपासून मला बाबा म्हणायचं नाही." माणूस रागात काय वाट्टेल ते बोलतो, ते कुणी मनावर घ्यायचं नसतं. पण पोरगी बापाच्या वळणावर गेलेली. तिनं घेतलं. ती मावशीकडे राहायला गेली, त्याला पाच वर्षं झाली.

या पाच वर्षांत ती नावाजली. खेळात तिला सगळे 'ठिणगी' म्हणत. आईला तिचा फोन आला, की मास्तर मशीन थांबवून सुई ओवायला घेत, आणि ती सुई वीस-वीस मिनिटं ओवली जात नसे. आईही काही कमी नव्हती. लेकीचं प्रत्येक वाक्य ती मोठ्यानं परत म्हणायची. "हो का? सर्दी झाली होती? आता बरी आहेस ना?"

एक दिवस आईनं सांगितलं, "आपल्याकडेच येतीये ती. मोठी स्पर्धा आहे, तीन दिवसांची."

"बरं मग?" मास्तर म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी तिथे शर्ट विकायचा स्टॉल मागून आले. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा? शर्टांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. लेकीच्या तोंडून एकदा 'बाबा' ऐकायचं होतं, बस्स.

पहिलं डिझाइन त्यांनी आपल्या अकलेनं केलं. ताठ कॉलर, खिसा, खिशावर इवलीशी ठिणगी. समोरच्या कॉलेजातल्या मुली पोट धरधरून हसल्या. "मास्तर, हा बँकेतल्या साहेबाचा शर्ट झाला!" एरवी त्यांनी असल्यांना दुकानाची पायरी चढू दिली नसती. या वेळी त्या मुलींनाच स्टूल देऊन बसवलं आणि त्या सांगतील तसं खोडत गेले. कॉलर गेली, खिसा गेला, काळ्या कापडावर पाठभर नारिंगी ठिणगी आली. असे दोनशे शर्ट छापून झाल्यावर त्यांनी आणखी एक शिवला. नजरेत राहिलेल्या मापानं, डावा खांदा अर्धं बोट उतरता.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्टॉलवर आली. बरोबर टीममधली एक मैत्रीण होती. मास्तर मोबाइलवर चोरून तिचे खेळ बघत, पण त्यात दिसायची ती नेहमी बसलेली, तोंडापुरती. उभी राहिलेली लेक मास्तर पाच वर्षांनी बघत होते.

"अगं, तुझेच शर्ट!" मैत्रीण ओरडली.

ठिणगीनं वर पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. मास्तर बरंच काही घोकून आले होते. त्यातलं एक अक्षर आठवेना. टेबलाखालचं कागदाचं पुडकं सोडून त्यांनी तो एकटा शर्ट पुढे केला. "घालून बघ," एवढंच म्हणाले.

तिनं तो अंगातल्या कपड्यांवरूनच चढवला. बाह्या तोकड्या पडल्या, छातीत ताणला, कमरेच्या वरच संपला. सोळा वर्षांच्या मुलीचा शर्ट होता तो. पण खांदा बसला. तिचा हात डाव्या खांद्यावर गेला, शिवणीवरून फिरला आणि तिथेच राहिला. तिला कळलं होतं.

"ई, केवढा आखूड!" मैत्रीण म्हणाली. "दुसरा माग ना."

ठिणगीनं सावकाश शर्ट उतरवला, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"काका," ती म्हणाली, "यात मोठा साइज आहे?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. जे म्हणायचं नाही म्हणून बजावलं होतं, ते तिनं म्हटलं नाही, इतकंच. मास्तरांनी ढिगातला एक काढून दिला. ती "थँक्यू" म्हणाली आणि गेली.

तासाभरानं ती मोठ्या पडद्यावर दिसली. हॉल तिच्या नावानं दणाणत होता. मास्तरांना फक्त तिच्या डाव्या खांद्यावरचा झोळ दिसत होता. खेळता खेळता ती तो सारखा वर ओढत होती. स्टॉलसमोर रांग लागली होती, आणि तेवढ्यात घरून फोन आला.

"भेटली का हो? काय म्हणाली?"

मास्तरांनी तो घडी घातलेला शर्ट जवळ ओढला.

"उंच झालीये," ते म्हणाले. "माझं माप चुकलं गं." आणि भर रांगेत, गिऱ्हाइकांसमोर, मास्तर रडायला लागले.